मनगटाचा सांधा

आकांक्षा गेल्याची बातमी तिच्या नवऱ्याच्या आधी दत्तप्रसादला कळली. भीमराजला पुढे बाकीचं पुष्कळ सोसता आलं. ही एक गोष्ट सोसली नाही.

वसमतच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात नवरा-बायको दोघेही नोकरीला होते. भीमराज वर्कशॉपमध्ये पोरांना लेथवर लोखंड कापायला शिकवायचा. आकांक्षा कॉम्प्युटर शिकवायची. तिच्या हाताखाली दत्तप्रसाद होता, हट्ट्याहून रोज एसटीनं ये-जा करणारा, नुकता शिकून बाहेर पडलेला. त्या दिवशी आकांक्षा कसल्या तरी प्रशिक्षणासाठी नांदेडला गेली होती. दुपारी जेवण झाल्यावर बसल्या जागी तिच्या डोक्यातली नस फुटली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पर्समध्ये एका कागदावर एकच फोन नंबर होता, कॉलेजच्या कॉम्प्युटर रूमचा. घरी फोन नव्हता, वर्कशॉपमध्येही नव्हता. सन दोन हजार चार चाललं होतं, पण मोबाईल अजून डॉक्टर आणि अडत्यांच्याच खिशात दिसायचा. मग दुसरा कोणता नंबर ती ठेवणार होती? हे भीमराजला समजत होतं. समजून काही उपयोग नव्हता.

तो लेथवर उभा राहून पोरांना टेपर, म्हणजे निमुळता उतार, कसा काढायचा ते दाखवत होता. दत्तप्रसाद दारात येऊन उभा राहिला.

"सर, मशीन बंद करा."

"काहून?"

"बंद करा आधी."

भीमराजनं मशीन बंद केलं आणि त्याच्याकडे पाहिलं. दत्तप्रसादचे केस पुढून ओले होते. शर्टाच्या कॉलरला पाणी लागलं होतं. डोळे लाल होते. तोंड धुऊन आला होता. म्हणजे आधी रडला, मग नळावर गेला, मग इकडे आला.

नांदेडला जाताना जीपमध्ये भीमराजच्या मनात बायकोचा विचार यायला हवा होता. तो आलाही, पण मध्येमध्ये दुसराच विचार घुसायचा. बायको माझी, आणि माझ्या आधी हा रडून मोकळा झाला.

आता त्या हाताची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

शेवटच्या वर्षाच्या पोरांना रोबोटचा नवा विषय लागला होता. पुस्तक आलं, अभ्यासक्रम आला, रोबोट काही आला नाही, येणारही नव्हता. एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती. तिच्यात गणिताचं एक सॉफ्टवेअर होतं. लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी आलेख काढणारं. आकांक्षा म्हणाली, यंत्र नाही तर नाही, पोरांना यंत्र चालताना तरी दिसू दे. तिनं रोबोटचा हात पडद्यावर काढायला घेतला. जमिनीतून वर जाणारी एक जाड रेघ, तिच्या टोकाला एक गोल, तो खांदा. पुढे रेघ, मग कोपर. पुढे रेघ, मग मनगट. आकडा टाकला की तेवढ्या अंशात सांधा वळायचा आणि पुढचा सगळा हात त्याच्याबरोबर जायचा. माऊसनं चित्र फिरवून तोच हात मागून, वरून, बाजूनं कुठूनही बघता यायचा.

आतलं काम मात्र सोपं नव्हतं. दर सांध्याला आकड्यांची एक चौकट, चार आडव्या ओळी आणि चार उभ्या. मागच्या सांध्यापासून हा सांधा किती लांब आहे आणि किती वळलाय, ते त्या चौकटीत लिहिलेलं. खांद्यापासून सुरुवात करून एकेका चौकटीला पुढच्या चौकटीनं गुणत गेलं की बोटाचं टोक हवेत नेमकं कुठे आहे ते कळायचं.

तिनं हे भीमराजला जेवताना सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुझा हात भाकर थापंल का?"

ती हसली. पुन्हा एकदा कोपराबद्दल काही सांगायला लागली तेव्हा त्यानं हाच विनोद केला. तेव्हाही हसली, जरा कमी. त्यानंतर ती त्याला सांगेनाशी झाली. मग त्याला घरात "दत्ता म्हणाला", "दत्ताला मस्त सुचलं" असं ऐकू यायला लागलं. ती घरी आली तरी तिचं अर्धं बोलणं त्या खोलीतच राहिलेलं असायचं. भीमराजला ते सलायचं. त्यात वाईट काही नव्हतं. दत्तप्रसाद तिच्याहून पुष्कळ लहान, मॅडम मॅडम करत मागे फिरणारा. वाईट असतं तर निदान भांडता आलं असतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरापुढे मांडव घातला होता. बुद्धांची मूर्ती, शेजारी आकांक्षाचा फोटो, पुढे मेणबत्त्या. त्रिसरण, पंचशील झालं. मग रीतीप्रमाणे ज्याला बोलायचं त्यानं उठून चार शब्द बोलायचे. आकांक्षाचे भाऊ बोलले, प्राचार्य बोलले. ते सगळे तेच बोलले जे अशा दिवशी बोलतात, सुस्वभावी होत्या, कष्टाळू होत्या. भीमराजला त्याचा त्रास झाला नाही.

मग दत्तप्रसाद उठला. पांढरा शर्ट, हातात माईक धरायची सवय नाही, म्हणून माईक खाली ठेवला. बोलायच्या आधी त्यानं आपला उजवा हात बाजूला सरळ धरला.

"मॅडम आम्हाला असं दाखवायच्या," तो म्हणाला. "हा खांदा. हे कोपर. मी खांदा हलवला तर कोपर कुठे जाईल? मी म्हणलं, मॅडम, कोपराची जागा मोजावी लागंल. त्या म्हणाल्या, काही गरज नाही. कोपराला जगाची काही माहिती नसते. त्याला फक्त आपला खांदा माहीत असतो. तेवढं सांगितलं की बास." मग त्यानं हात खाली घेतला. "मला त्या दिवशी पहिल्यांदा गणित कळलं." आणि खाली बसला.

मांडवात बायका रडायला लागल्या. भीमराजची आई पद्माबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "माय माझी, किती छान सांगायची!" भीमराज समोरच्या रांगेत बसला होता. ते वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. नवऱ्याला माहीत नाही, आणि मांडवातल्या तीनशे माणसांना कळलं की ती असं बोलायची.

खीर-पुरी वाढताना कोंडीबा मामा, म्हणजे पद्माबाईचा भाऊ, भीमराजच्या कानाशी लागला. कोंडीबाला तोंड आवरता यायचं नाही.

"पोरगं चांगलं बोललं बरं का. कोणाचं हाय?"

"हट्ट्याचं. कॉलेजात हाय."

"तू बोलायचं व्हतं ना रे. त्यालाच जास्त माहीत दिसून राहिलं तुझ्यापेक्षा."

"मामा, खीर घ्या."

"घेतो की. म्या आपलं सहज म्हणलं."

पुढच्या आठवड्यात कॉलेज सुरू झालं. दत्तप्रसाद वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. भीमराजला ते दारच आता आवडेनासं झालं होतं.

"सर, प्राचार्य म्हणत होते, जूनपासून पोरांना हात दाखवायचा. दिवाळीनंतरचं काम मॅडमनी घरच्या कॉम्प्युटरवर केलं. येऊ का एखाद्या दिवशी फ्लॉपी घेऊन?"

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"मशीन बंद हाय. मी बघतो काय ते. हात घरचा हाय, घरीच पुरा होईल."

दत्तप्रसाद वळला. जाताना म्हणाला, "तकलीफ नको सर, मी करू शकतो," आणि हेच नेमकं त्यानं म्हणायला नको होतं.

भीमराजला मशीन चालू करता यायचं, फाईल उघडता यायची, अक्षरं टाईप करता यायची. एवढं आकांक्षानं त्याला शिकवलं होतं. रविवारी दुपारी लाईट असायची. एका रविवारी त्यानं तिची फाईल उघडली.

सांध्यांची नावं तिनं इंग्रजी अक्षरांत मराठीच ठेवली होती. खांदा, कोपर, मनगट. ते बघून त्याला बरं वाटलं. मग ओळींच्या शेवटी बघितलं. दर ओळीच्या शेवटी एक अक्षर होतं, कुठे ए, कुठे डी. ही त्या दोघांची पद्धत होती. ज्यानं ओळ लिहिली त्यानं शेवटी आपलं अक्षर टाकायचं. आकांक्षानं एकदा हसत सांगितलं होतं, बिघडलं की कोणाच्या नावानं शिमगा करायचा ते लगेच कळतं. तेव्हा त्यालाही हसू आलं होतं. आता तो एकटा ती यादी बघत बसला. ए, ए, डी. ए, डी, डी. कोपर तर जवळजवळ सगळं डीचंच होतं. घरातल्या मशीनवर, आपल्या टेबलावर, आपल्या बायकोच्या कामात हा माणूस दर दोन ओळींनी बसलेला.

पहिल्यांदा त्यानं एवढंच केलं. डीची एक ओळ पुसली, तीच्या ती पुन्हा स्वतःच्या हातानं टाईप केली आणि शेवटी बी टाकला. मग दुसरी. मग तिसरी. अर्थ कळो न कळो, अक्षर न अक्षर तसंच उतरवायचं आणि डीचा बी करायचा. तासभर काम चाललं. त्याला बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं.

कोपराच्या चौकटीशी आल्यावर मात्र तो थांबला. कोपराचं माप खांद्यावरून घेतलं होतं. मनगटाचं कोपरावरून.

लेथवरच्या माणसाला सगळ्यात आधी शिकवतात की जॉबवरची, म्हणजे कापायच्या तुकड्यावरची, सगळी मापं एकाच कडेवरून घ्यायची. पहिल्या खाचेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं मोजत गेलात तर प्रत्येक मापातली केसभर चूक पुढच्यात मिळते, आणि शेवटी जॉब भंगारात जातो. भीमराज हे दरवर्षी पोरांना घसा फोडून सांगायचा. आणि इथे ओळीच्या शेवटी डी होता. त्याला मांडवातलं भाषण आठवलं. कोपराला फक्त खांदा माहीत असतो म्हणे. हे आकांक्षाचं नाहीच, त्यानं ठरवलं. वर्कशॉपवाल्याची बायको मापाची अशी चूक करणार नाही. या पोरानं तिच्या डोक्यात भरवलं आणि तिचं नाव पुढे करून स्वतः टाळ्या घेतल्या.

त्यानं जमीन ही कड धरली. खांदा जमिनीपासून किती, कोपर जमिनीपासून किती, मनगट जमिनीपासून किती, अशी सगळी मापं नव्यानं काढून चौकटींत भरली.

मनगटाच्या ओळींना हात लावताना त्याचं मन कचरलं. तिथे एकही डी नव्हता. मनगट तिनं एकटीनं घरी लिहिलं होतं. नांदेडला जायच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तिनं त्याला हाक मारली होती, "अहो, हे बघा ना." तो कणकेचे हात घेऊन आला, कारण पद्माबाईला बरं नव्हतं आणि पोळ्या त्याच्याकडे होत्या. पडद्यावर हात वळला, आणि टोकाला मनगट असं फिरलं, जसं सुपात धान्य पाखडताना बाईचं मनगट फिरतं. खाली, आत आणि पुन्हा वर. "जमलं की," तो म्हणाला आणि तव्यावरची पोळी करपेल म्हणून परत गेला.

पण मनगट कोपराला लटकलेलं होतं, आणि कोपर बदललं म्हणजे ते बदलणं आलंच. तिच्या त्या लांबलचक चौकटी त्यानं पुसल्या आणि आपलं माप घातलं. ओळींच्या शेवटचा ए मात्र तसाच ठेवला. तिचं नाव काढायचं नव्हतं.

मग सगळे कोन शून्य टाकून चित्र काढलं. हात सरळ उभा राहिला. खांदा, कोपर, मनगट, सगळं एका रेषेत, बराबर जुळलेलं. त्यानं आईला हाक मारली.

पद्माबाई पडद्याकडे बघून म्हणाली, "आकांक्षाचं हाय का हे?"

"माझं हाय. म्या दुरुस्त केलं."

"मंग तिचं कुठं गेलं?"

"त्याच्यातच हाय, आई."

त्यानं फाईल सेव्ह केली. थोड्या वेळानं लोडशेडिंगची वेळ झाली, लाईट गेली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा बसला. आता हात फिरवून बघायचा होता. खांद्याला तीस अंश टाकले. खांद्यापासून निघालेली रेघ एका बाजूला झुकली. कोपर तिच्याबरोबर गेलं नाही. ते होतं तिथेच हवेत राहिलं, एकटं. मनगट त्याच्याही पलीकडे, कशालाही न जोडलेलं. त्यानं चित्र माऊसनं फिरवून मागून बघितलं, वरून बघितलं. सगळीकडून हात तुटलेलाच होता.

लोखंडाच्या जॉबवरच्या खाचा जागच्या हलत नाहीत, म्हणून त्यांना एक कड पुरते. हाताचे सांधे हलतात. खांदा हलला की कोपराची जागा बदलते, आणि जमिनीवरून मोजलेल्या कोपराला ते कोणी सांगत नाही. भीमराज अडाणी नव्हता. एकदा डोळ्यांनी दिसल्यावर त्याला ते लगेच कळलं. ते वाक्य दत्तप्रसादचं नव्हतं, तिचंच होतं, आणि बरोबर होतं.

जुन्या ओळी परत आणायला त्यानं खूप बटणं दाबली. घरातल्या फ्लॉप्या एकेक घालून पाहिल्या. प्रश्नपत्रिका निघाल्या, हजेरीपट निघाले, हात निघाला नाही. लेथवर कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही हे तो पोरांना सांगायचा. पडद्यावरच्या अक्षरांनाही तोच नियम असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला वाटायचं, कॉम्प्युटरला सगळं आठवत असतं.

दोन-तीन महिने त्यानं स्वतःच झटापट केली. काही जमलं नाही. परीक्षा झाल्या, सुट्टी लागली, प्राचार्यांनी जूनची आठवण केली. कॉलेजातल्या मशीनवर दिवाळीपर्यंतचं काम होतं, आणि त्या खोलीची चावी सुट्टीत दत्तप्रसादकडे असायची. शेवटी भीमराज हट्ट्याच्या एसटीत बसला.

हळदीचे दिवस होते. दत्तप्रसादच्या घरामागे शिजवलेली हळद वाळत पडली होती. त्याची आई सत्यभामाबाई ती खालीवर करत होती.

"कोण पाव्हणं?"

"वसमतहून आलो. दत्तप्रसादच्या कॉलेजातला, भीमराज."

"आकांक्षाबाईचे मालक व्हय तुमी? या, बसा. दत्ता हळदीच्या कढईवर हाय, येईल आता." तिनं पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली. "आमचा दत्ता जेवाया बसला तरी हात असा असा करायचा. खांदा, कोपर, खांदा, कोपर. म्या म्हणलं, लेकरा, भूत झोंबलं का काय तुला? तर हसायचा. आता हसतबी न्हाई. बाई गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठून राहिला."

भीमराजच्या तोंडून निघून गेलं, "तो काहून उपाशी उठतो? बायको माझी गेली."

सत्यभामाबाईनं हातातलं खोरं खाली ठेवलं. "बायको तुमचीच गेली, बाबा. त्याचीबी कोणीतरी गेली असंल. रडायला का रेशनकार्ड लागतंय?"

भीमराजनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. 

दत्तप्रसाद आला. कोपरापर्यंत हात पिवळे. खरंच वाळला होता.

"सर? तुमी हिकडं?"

"घरच्या मशीनमधी व्हायरस शिरला," भीमराज म्हणाला. हे तो एसटीतच ठरवून आला होता. "सगळं गेलं. तुझ्याकडं काय हाय ते दे."

दत्तप्रसाद जमिनीवरच बसला. "सगळं?"

"सगळं."

"माझ्याकडं फ्लॉपी हाय सर. दिवाळीपर्यंतची. खांदा हाय, कोपर हाय. चालतंय बराबर. पण मनगट..." तो थांबला. "मनगट झालं होतं का सर? मॅडम म्हणाल्या होत्या, करून राहिले."

"तुला दाखवलं न्हाई तिनं?"

"न्हाई ना. मी लई मागं लागलो. म्हणाल्या, आधी सरांना दाखवते, मग तुला. नांदेडहून आल्यावर दाखवणार होत्या."

 इतके दिवस भीमराज या पोराकडच्या एकेका गोष्टीवर जळत होता, बातमीवर, वाक्यावर, डीवर. आणि एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती. मनगट फक्त भीमराजनं पाहिलं होतं. ते ऐकून त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला, चांगला आनंद झाला. मग पुढच्याच क्षणी आठवलं की ते मनगट आता कुठेच नाही, आणि ते कोणी पुसलं.

"सर, झालं होतं का?"

खरं सांगावं तर पुसल्याचंही सांगावं लागलं असतं. आणि दुसरंही होतं. हो म्हटलं की हा विचारणार, कसं होतं, कुठून वळत होतं, किती चौकटी होत्या. मग दत्तप्रसादच्या डोळ्यांपुढेही ते फिरायला लागलं असतं.

"न्हाई," भीमराज म्हणाला. "तेवढं राहिलं तिचं."

दत्तप्रसादनं मान हलवली. हाताची हळद झटकत म्हणाला, "मंग मी करतो ना सर. मॅडमनं मला चौकटी कशा लावायच्या ते..."

"मनगटाला तू हात लावायचा न्हाई."

"सर, पण तुमाला ते..."

"शिकीन. मनगट मी करणार."

सत्यभामाबाई दोघांकडे बघत होती. "भांडण कशाचं चाललंय रे? हात कोणाचा मोडलाय?"

"कोणाचा न्हाई, माय," दत्तप्रसाद म्हणाला, "चहा ठेव."

जूनमध्ये पोरांना हात दाखवला. फ्लॉपीतला, दत्तप्रसादनं लावून दिलेला. खांदा वळला की कोपर त्याच्यामागे जायचं, आणि पोरं माऊस एकमेकांच्या हातातून ओढायची. कोपराच्या ओळींवर डी तसाच होता. भीमराजनं तो तसाच राहू दिला. बघितला मात्र रोज. प्राचार्यांनी मशीनवर एक पुठ्ठा लावला, 'कालकथित आकांक्षा भीमराज खिल्लारे यांचे अपूर्ण कार्य'. कोंडीबा मामा एकदा कॉलेज बघायला आला तेव्हा त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

"अपूर्ण काहून लिहिलं? काम टाकून देणारी पोरगी नव्हती ती."

"चला मामा, वर्कशॉप दाखवतो," भीमराज म्हणाला.

आता शनिवारी दुपारी भीमराज त्या खोलीत दत्तप्रसादसमोर बसून गुणाकार शिकतो. चौकट डावीकडून गुणायची की उजवीकडून, यात अजून त्याची गल्लत होते. दत्तप्रसाद समजावताना मध्येच म्हणतो, "मॅडम असं सांगायच्या." भीमराजची पेन्सिल थांबते. तो उठून जात नाही, कारण ते वाक्य पुरं ऐकायचं असतं. त्यानं दोनदा मनगट लिहून बघितलं. एकदा ते दाराच्या बिजागरीसारखं नुसतं पुढेमागे झालं, एकदा उलटंच वळून हातात शिरलं. सुपासारखं फिरलं नाही. ते कसं फिरत होतं हे सांगितलं तर दत्तप्रसादला ते लिहायला वेळ लागणार नाही, हे त्याला माहीत आहे.

मनगट अजून झालेलं नाही, आणि ते एकदा झालं होतं हे दत्तप्रसादला सांगायचंही राहिलं आहे.